वाईन, अभ्यंग आणि मोकळा वेळ : सोलापूरकरांसाठी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात लाँग वीकेंड

वाईनची सहल म्हटलं की सोलापुरात पहिलं नाव निघतं नाशिकचं. मग अंतर मोजलं जातं, जाण्यायेण्यातच दोन दिवस जाणार हे लक्षात येतं आणि बेत तिथेच बारगळतो. खरं तर देशातल्या नावाजलेल्या वायनरींपैकी एक आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात आहे. तिचं नाव फ्रातेल्ली. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्यांनी २००७ मध्ये हा उद्योग सुरू केला. टस्कनीचे पिएरो मासी हे त्यांचे वाईनमेकर. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथल्या माळरानावर सुमारे २४० एकरांत त्यांच्या बागा आहेत आणि त्यांतली रोपं फ्रान्सहून आणलेली आहेत. ज्या भागाची ओळख आपण ऊस आणि दुष्काळ या दोन शब्दांत संपवतो, तिथे सांजोवेझे आणि काबेर्ने सोविन्यों या लाल वाईनच्या द्राक्षजाती पिकतायत. सोलापूरकर म्हणून मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

स्पाचं म्हणाल तर जिल्ह्यात डोंगरमाथ्यावरचे मोठे रिसॉर्ट नाहीत, पण त्यावाचून काही अडत नाही. सोलापुरात आयुर्वेद महाविद्यालय आहे, पंचकर्म करणारे वैद्य आहेत, मोठ्या हॉटेलांतही सोय मिळते. तेल आणि वाफ नीट मिळाली की अंग मोकळं व्हायला आणखी काही लागत नाही.

बेताचं सूत्र एवढंच : दिवसाला एकच मुख्य काम. पहिल्या दिवशी सोलापुरात अभ्यंग आणि मग प्रवास, दुसऱ्या दिवशी द्राक्षबाग आणि वाईन, तिसऱ्या दिवशी रमतगमत परत. चौथी सुट्टी असेल तर ती घरीच घालवायची. आपल्याकडच्या सहलीत माणसं सुट्टीवरून दमून येतात, कारण तीन दिवसांत नऊ ठिकाणं कोंबलेली असतात. हा बेत तसा होऊ देऊ नका.

आधी तारीख ठरवा

द्राक्षाचं वेळापत्रक कळलं की तारीख आपोआप ठरते. युरोपात थंडीत वेल पूर्ण झोपी जातो, पानं गाळतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, त्यामुळे वेल थांबतच नाही. म्हणून आपल्या बागायतदाराला वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिच्यातून पुढच्या हंगामाची काडी तयार होते. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, फळछाटणी होते आणि तिच्यातून घड येतात. छाटण्या दोन, पण पीक एकच. वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालते. पांढऱ्या वाईनच्या जाती आधी उतरतात, लाल वाईनच्या मागून.

तेव्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. बागेत घड असतात, वायनरीत द्राक्ष चिरडण्याचं आणि आंबवण्याचं काम चालू असतं, हवाही सुखाची असते. शिवाय हुरड्याचे दिवस. मार्चच्या मध्यानंतर ऊन चटके देऊ लागतं. एप्रिल-मेमध्ये बागेत उघडी खोडं आणि कोवळी फूट यांपलीकडे बघण्यासारखं फारसं नसतं आणि पारा चाळिशीच्या वर असतो. पावसाळ्यात बाग हिरवीगार दिसते, फोटोही छान येतात, पण घड नसतात. सवड फक्त तेव्हाच असेल तर जरूर जा, मात्र काढणी बघायला मिळणार नाही हे धरून चला.

तारखेतली खरी मेख ड्राय डेची. लाँग वीकेंड बहुतेकदा ज्या सुट्ट्यांमुळे तयार होतात, त्यांतल्याच काही ड्राय डे असतात : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. त्या दिवशी बाग बघता येईल, पण वाईन चाखता येणार नाही आणि विकतही मिळणार नाही. आषाढी आणि कार्तिकी एकादशीलाही मद्यविक्री बंद असते. वारीच्या दिवसांत तर माळशिरस, वेळापूर, वाखरी हा सगळा पट्टा वारकऱ्यांचा असतो. तेव्हा त्या रस्त्याने वाईनच्या सहलीला निघूच नये. निवडणुकीतही मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद राहते. म्हणून २६ जानेवारी सोमवारी येत असेल तर चाखणी शनिवारी किंवा रविवारी ठेवा आणि सोमवार परतीला. सोलापूरकरांनी आणखी एक बघावं. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीच्या आसपास असते. घरी पाहुणे, शहरात गर्दी. यात्रा पार पडू द्या आणि मगच निघा.

फोन करून काय काय विचारायचं

वायनरी हा कारखाना असतो. हॉटेलात जातो तसं न सांगता जाऊन चालत नाही. निदान दोन-तीन आठवडे आधी फोन करून पुढच्या गोष्टी पक्क्या करा : त्या दिवशी फेरी आहे का आणि किती वाजता, चाखणीत किती वाईन असतात, जेवणाची सोय आहे का आणि ते आधी सांगावं लागतं का, मुक्कामाच्या खोल्या शिल्लक आहेत का. बागेतल्या खोल्या मोजक्याच असतात आणि हंगामात लवकर भरतात. त्या मिळाल्या नाहीत तर अकलूजमध्ये राहा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नकाशावरचं नेमकं ठिकाण मागवून घ्या. लोक सरसकट ‘अकलूजची वायनरी’ म्हणत असले तरी ती अकलूज गावात नाही आणि आतल्या रस्त्यांवर अंधारात वाट शोधत फिरण्यात मजा नाही.

सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्रात मद्यसेवनाला परवाना लागतो आणि तो एका दिवसाचाही मिळतो, त्याचंही फोनवरच विचारून घ्या. बरोबर मुलं किंवा न पिणारी वडीलधारी मंडळी असतील तर तसं आधी सांगा. बागेची फेरी त्यांनाही करता येते, फक्त चाखणीच्या वेळी त्यांची बसण्याची सोय वेगळी करावी लागते.

गाडी कोण चालवणार हे घरूनच ठरवून निघा. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘दोनच ग्लास घेतले’ म्हणणारा माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो. घरात न पिणारं कोणी असेल तर प्रश्न मिटला, नाहीतर ओळखीचा ड्रायव्हर घ्या. त्याच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय तुमच्या इतकीच नीट करा, कारण तुमचा परतीचा प्रवास त्याच्या झोपेवर अवलंबून आहे.

पहिला दिवस : तेल, वाफ आणि संध्याकाळचा रस्ता

अभ्यंग आधी का? एक कारण शरीराचं आहे. मद्य आणि वाफ ही जोडी वाईट. दोन्हींनी अंगातलं पाणी कमी होतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना भोवळ येऊ शकते. वाईन प्यायल्यावर वाफ, सौना किंवा गरम पाण्याचा टब घेऊ नये. त्यामुळे या दोन गोष्टींत एका रात्रीचं अंतर ठेवलेलं बरं. दुसरं कारण मनाचं. ऑफिस किंवा दुकान बंद करून माणूस थेट बागेत गेला की शरीराने पोचतो, पण लक्ष फोनमध्येच असतं. पहिल्याच सकाळी तेलाखाली तासभर पडून राहिलं की वेग उतरतो. मग दुसऱ्या दिवशी वाईनचा वास खरोखर येतो.

वैद्यांकडे किंवा स्पामध्ये वेळ घेताना ‘अभ्यंग आणि स्वेदन’, म्हणजे तेलाचा मसाज आणि वाफ, एवढंच मागा. पंचकर्माच्या नावाखाली वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं) यांचा आग्रह झाला तर या वेळी नको म्हणा. त्या उपचारांना आधी काही दिवसांची तयारी आणि नंतर पथ्य लागतं, ते सहलीत बसत नाहीत. ताप असेल, गर्भारपण असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन गेली असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते मसाज करणाऱ्याच्याही कानावर घाला. बाईला बाईनेच आणि पुरुषाला पुरुषाने मसाज करावा असं वाटत असेल तर वेळ ठरवतानाच सांगून टाका, त्यात संकोच कसला.

जाण्याआधी दोन-अडीच तास काही खाऊ नका, फार तर चहा आणि एखादं फळ. तेल कोणतं ते विचारून घ्या. थंडीत तिळाचं तेल किंवा तिळाच्या तेलात सिद्ध केलेलं बला तेल चांगलं. गुडघे-कंबर दुखत असेल तर महानारायण तेल वापरतात. तेल कोमट असावं. थंड तेलाचा हात पाठीला लागला की स्नायू आखडतात आणि पहिली दहा मिनिटं फुकट जातात. दाब जास्त वाटला तर तिथल्या तिथे सांगा. ‘मसाज दुखलाच पाहिजे’ ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे.

त्यानंतर वाफ. पारंपरिक पेटीत बसवतात तेव्हा डोकं बाहेर राहतं आणि पेटीच्या भोकाभोवती टॉवेल गुंडाळतात. आत निर्गुंडीचा पाला टाकलेला असेल तर टॉवेलच्या फटीतून त्याचा कडवट, ओला वास वर येत राहतो. दहा-पंधरा मिनिटं पुरे होतात. कपाळावर घाम दाटला, छाती धडधडली किंवा घाबरल्यासारखं झालं की लगेच दार उघडायला सांगा, मिनिटं मोजत बसू नका. बाहेर आल्यावर अर्धा तास स्वस्थ बसायचं, कोमट पाणी प्यायचं आणि मग मुगाचं पीठ किंवा उटणं लावून कढत पाण्याने अंघोळ. दुपारी मऊ भात, वरण, तूप. त्या दिवशी मटण नको.

द्राक्षाच्या नावाने होणाऱ्या स्पाबद्दलही सांगतो. द्राक्षाच्या बिया आणि चोथा वापरून करायच्या उपचारांना १९९९ मध्ये फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या एका द्राक्षमळ्यातून प्रसिद्धी मिळाली आणि आता तो प्रकार जगभर पोचला आहे. द्राक्षबियांचं तेल हलकं असतं, लवकर जिरतं, त्याला फारसा वास नसतो. कुठे मिळालं तर मसाजला जरूर घेऊन बघा. पण त्याने वय कमी होतं, विषद्रव्यं निघून जातात वगैरे जाहिरातींना भुलून जादा पैसे मोजू नका. हाताचं कसब चांगलं असेल तर तिळाचं तेलही तेवढंच सुख देतं.

चारच्या सुमारास निघा. सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, वेळापूर, अकलूज हा रस्ता पालखी महामार्गाच्या कामानंतर चांगला रुंद झाला आहे. मधे एकदा चहाला थांबूनही अडीच-तीन तास पुरतात. तेल आणि वाफेनंतर डोळे जड होतात, म्हणून या दिवशीही स्टिअरिंग ज्याने मसाज घेतला नाही त्याच्याकडे द्या. विठ्ठलाचं दर्शन घ्यायचं असेल तर ते याच दिवशी, जाताना घ्या. त्यासाठी दुपारचं जेवण आटोपून लगेच निघावं लागेल आणि रांगेचा वेळ धरावा लागेल. परतीच्या वाटेवर, गाडीत वाईनच्या बाटल्या घेऊन पंढरपुरात जाणं मला तरी बरं वाटत नाही.

वेळापूरला उजेड असेल तर अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरात थांबा. यादवकाळातलं दगडी मंदिर, आत शांतता, बाहेर पालखीतळाचं गाव. वीस मिनिटं पुरतात आणि पाय मोकळे होतात. मुक्कामी पोचल्यावर हलकं जेवण आणि लवकर झोप. वाईन उद्या.

दुसरा दिवस : बागेत

सकाळी उन्हाआधी बागेत शिरा. फेरीची वेळ नंतरची असली तरी परवानगी घेऊन कडेकडेने चालता येतं. काढणी चालू असेल तर मजूर पहाटेच कामाला लागलेले दिसतील, कारण थंड द्राक्षातला वास आणि आंबटपणा टिकतो. उन्हात तापलेला घड वायनरीत पोचेपर्यंत बिघडायला लागतो.

आपण सोलापूरकर द्राक्षाला नवखे नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका, शरद सीडलेस यांसारख्या जाती दिल्या. कासेगावच्या बागा आणि बेदाण्याची शेड आपण लहानपणापासून बघतो. म्हणूनच वाईनची बाग बघताना फरक चटकन डोळ्यांत भरतो. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाला डोक्यावर मांडव किंवा वाय आकाराचा आधार असतो आणि घड खाली लोंबतात. इथे वेल तारांवर सरळ उभा बांधलेला, ओळीत, आणि घड गुडघ्या-मांडीच्या उंचीला. मणी बघाल तर वाटाण्याएवढा. खाण्याच्या द्राक्षाला जीएमध्ये, म्हणजे वाढीच्या संजीवकात, बुडवून मणी फुगवतात, इथे तो बारीक राहावा म्हणूनच धडपड असते. वाईनचा रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त.

परवानगी असेल तर एक मणी तोंडात टाका आणि घाईने गिळू नका. आधी रस येतो, अगदी गोड. खाण्याची द्राक्षं साधारण १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) उतरवतात, वाईनची २२ ते २४ पर्यंत पिकू देतात, कारण हीच साखर पुढे अल्कोहोल होते. मग साल दाढेखाली धरा. ती जाड, चिवट आणि तुरट लागेल, हिरड्या आवळल्यासारख्या होतील. आता बी बाहेर काढून बघा. ती हिरवी असेल तर फळ अजून कच्चं. तपकिरी असेल आणि चावल्यावर भाजलेल्या दाण्यासारखी कुरकुरीत फुटली तर घड काढणीला आला. यंत्रावर ब्रिक्स मोजले जातातच, पण जाणती माणसं आजही बी चावून बघतात.

वायनरीच्या आत एक गोष्ट समजली की बाकीचं सोपं होतं : लाल वाईन सालीसकट आंबवतात, पांढऱ्या वाईनसाठी आधी रस पिळून साल वेगळी करतात. द्राक्ष काळं असलं तरी आतला रस बहुधा बिनरंगी असतो, रंग सालीतून उतरतो. पांढरा रस थंड टाकीत, साधारण १२ ते १६ अंशांवर, सावकाश आंबतो. लाल त्याहून गरम, पंचवीसच्या आगेमागे. आंबताना साली वर तरंगून जाड थर धरतात आणि तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा किंवा रसाने भिजवावा लागतो. काढणीच्या दिवसांत गेलात तर टाकीजवळ हा वास नाकात भरतो : ताडी, पिकलेलं केळ आणि भिजवलेला बेदाणा यांच्या मधला काहीतरी. मग ओकच्या पिंपांची खोली. नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं. तिथे आवाज करू नका आणि माहिती देणाऱ्याला खुशाल प्रश्न विचारा. यंदा पाऊस कधी झाला, त्याचा घडावर काय परिणाम झाला, ठिबकचं पाणी कधी तोडता, असं विचारलं की पाठ केलेली माहिती बाजूला राहते आणि माणूस मोकळेपणाने बोलू लागतो. सोलापूरच्या माणसाला पाण्याचा प्रश्न कळतो, हे त्यांनाही जाणवतं.

चाखणी

चाखणी दुपारच्या जेवणाआधी ठेवा, पण नाश्ता भरपेट करून. सकाळपासून अत्तर, परफ्यूम नको. पान, तंबाखू, बडीशेप, कडक कॉफी नको. यांनी जीभ बधिर होते. दर ग्लासात तीस ते पन्नास मिलिलिटरच ओततात. ते कमी वाटलं तरी पाच-सहा वाईन झाल्या की एक-दीड मोठा ग्लास पोटात जातो, आणि वाईनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. जाणकार त्यातच थुंकतात आणि त्यात अपमान कुणाचाच नाही. प्रत्येक वाईननंतर दोन घोट पाणी प्या.

क्रम हलक्याकडून जडाकडे असतो : आधी फसफसणारी, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल. ग्लास दांड्याला धरा, वाटीला धरला की हाताच्या उबेने वाईन तापते. आधी नुसता वास घ्या. मग ग्लास टेबलावर ठेवूनच दोन-तीन वेळा गोल फिरवा आणि पुन्हा वास घ्या, हा दुसरा वास पहिल्यापेक्षा कितीतरी भरलेला असतो. मग लहान घोट, तोंडात सगळीकडे फिरवून. आंबटपणा जिभेच्या कडांना पाणी आणतो, तुरटपणा हिरड्या कोरड्या करतो, अल्कोहोल घशाशी ऊब देतं. या तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखता आल्या तर पहिल्या दिवसाची कमाई झाली म्हणायची.

वासांना नावं देताना बुजू नका. पुस्तकांत ब्लॅककरंट आणि गूजबेरी लिहिलेलं असतं, ती फळं आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलीही नसतात. सोविन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनमध्ये मला कैरी, हिरवी ढोबळी मिरची आणि गवती चहा सापडतो. शेनिन ब्लां या दुसऱ्या पांढऱ्या वाईनमध्ये पिकलेला पेरू. सांजोवेझेत करवंद आणि आमसुलाच्या जवळ जाणारा आंबटपणा. काबेर्नेत जांभूळ आणि मिरी. तुम्हाला दुसरंच काही सापडेल, तेही बरोबरच. कोणती आवडली ते लगेच वहीत लिहा, चौथ्या ग्लासानंतर पहिल्याची आठवण पुसट होते. चाखणीत ‘सेत्ते’ असेल तर ती शेवटी आणि सावकाश घ्या. सांजोवेझे आणि काबेर्ने सोविन्यों यांच्या मिश्रणातून बनलेली ही त्यांची मानाची वाईन आहे.

मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असेल, यकृताची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. घेणार नाही म्हणणाऱ्याला कुणी आग्रह करू नये.

सोलापुरी चव आणि वाईन

इथे सांगण्यासारखं बरंच आहे, कारण चीज आणि ऑलिव्हच्या पलीकडे आपल्या जेवणाबरोबर वाईन कशी जमते हे फारसं कुणी लिहीत नाही. मूळ नियम सोपा : तुरट आणि जास्त अल्कोहोलची लाल वाईन तिखटाला आणखी पेटवते. सोलापुरी काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणाबरोबर जड काबेर्ने घेतली की मटणही कळत नाही आणि वाईनही. तिखटाला हवी थंड, आंबटगोड, कमी तुरट वाईन. शेनिन ब्लां, त्यातही किंचित गोडसर, ही इथली पहिली निवड. शेंगा चटणी आणि दही लावलेल्या कडक भाकरीबरोबर ती घेऊन बघा. दाण्याचं तेल आणि लसूण जिभेवर बसतात, वाईनचा आंबटपणा त्यांना धुऊन काढतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

हुरडा हा तर वाईनचाच सोबती. मालदांडी ज्वारीचा कोवळा, आगटीतून नुकताच काढलेला, हातावर चोळलेला हुरडा. त्याचा गोडवा आणि धुराचा वास यांना सोविन्यों ब्लां छान जमते. मुक्कामाच्या जवळपास हुरड्याची सोय होते का हे आधीच विचारून ठेवा आणि संध्याकाळचं जेवण त्यावरच भागवा. मटण हवंच असेल तर सुकं, कमी तिखट, भाजलेल्या खोबऱ्याचं करायला सांगा आणि बरोबर सांजोवेझे घ्या, तिचा आंबटपणा चरबीला कापतो. शेंगापोळीबरोबर कोरडी वाईन कडू लागते, तिच्याबरोबर गोड लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा काढलेल्या द्राक्षांची, वाईनच चालते.

जेवल्यावर काहीही करू नका. सावलीत खुर्ची टाका, पुस्तक घ्या, झोपा. उन्हं कलल्यावर बागेतून एक फेरी मारा, फोन खोलीतच ठेवून.

तिसरा दिवस आणि परत

उशिरा उठा. नाश्ता करून अकलूजच्या भुईकोट किल्ल्यात जा. नीरेच्या काठावरच्या या किल्ल्यात शिवसृष्टी उभारली आहे आणि मुलांना ती आवडते. दुसरा पर्याय नीरा नरसिंहपूरचा : नीरा आणि भीमेचा संगम, लक्ष्मी-नृसिंहाचं मंदिर, दगडी घाट. दोन्हींपैकी एकच निवडा. पक्ष्यांचं वेड असेल तर इंदापूरमार्गे उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावला जाता येतं. हिवाळ्यात तिथे रोहित (फ्लेमिंगो) येतात आणि कोळी बांधव होडीतून फिरवतात. मात्र ते सोलापूरच्या उलट दिशेला आहे आणि पक्षी सकाळी लवकर चांगले दिसतात, म्हणजे पहाटे निघावं लागेल. घाईचा बेत नको असेल तर ते पुढच्या खेपेला ठेवा.

परतताना टेंभुर्णी-मोहोळ मार्गे महामार्ग धरला की प्रवास सोपा होतो. संध्याकाळी घरी पोचल्यावर काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळून घ्या. सहलीतला शेवटचा स्पा हाच, त्याला ना बुकिंग ना पैसे.

चार-पाच दिवस हातात असतील तर नाशिक जरूर करा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क, इगतपुरीच्या बाजूला व्हॅलोने आणि ग्रोव्हर झांपा, दिंडोरीत शांदों. मुक्काम, जेवण आणि मसाज एकाच आवारात मिळेल अशीही ठिकाणं तिथे सापडतात. पण तिथेही दिवसाला एकच वायनरी ठेवा आणि फेब्रुवारीतले शनिवार-रविवार शक्यतो टाळा, मुंबई-पुण्याची गर्दी तेव्हाच येते.

बाटल्या घरी आणताना

बिल जपून ठेवा, वाटेत कुणी विचारलं तर दाखवता येतं. विजयपूर किंवा कलबुर्गीकडच्या नातेवाइकांना भेट द्यायची असेल तर राज्याची हद्द ओलांडून मद्य नेण्याचे नियम आधी बघा. गाडीच्या डिकीत भर दुपारी बाटल्या ठेवू नका, तासाभरात वाईन उकडते आणि बूच वर सरकतं. पुढच्या सीटच्या पायाशी, ओल्या टॉवेलात गुंडाळून, एसीच्या झोतात ठेवा.

सोलापुरात वाईन साठवणं अवघड आहे. होळीनंतर घरातली भिंतसुद्धा तापते. त्यामुळे दोन-चारच बाटल्या आणा आणि उन्हाळ्याआधी संपवा. बूच असलेली बाटली आडवी ठेवा, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. ‘लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला थंड देशातला आहे, तिथे खोली १६ ते १८ अंशांवर असते. आपल्याकडे लाल वाईनही पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, पांढरी दोन-तीन तास. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात, तेव्हा दोघांत एका रात्री ती संपवण्याचा हट्ट नको. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली की तीन दिवस चांगली राहते. त्यानंतर चव उतरली तर मटण मुरवताना दह्याऐवजी अर्धी वाटी वाईन घाला.